राजेश्वरी आणि करंजवाडीचा धूर

राजेश्वरी पोलिसात जाणार, हे माकणीला तिच्या पळण्यावरून कळलं. दहावी झाल्यापासून ती रोज सकाळी धरणाकडच्या रस्त्यानं पळायची आणि तिच्या मागं सायकलवरून तिचे वडील यायचे. अख्खं गाव त्यांना भाऊ म्हणायचं. वाटेत कुणीतरी हटकायचंच, "भाऊ, पोरगी पळायलीय अन् तुमी काय राखण करायलाव काय?"

भाऊ पायडल न थांबवता म्हणायचे, "राखण कशाची बाबा! पळायचा दम न्हाय आता, म्हणून सायकल."

पहिल्या भरतीत ती गोळाफेकीत मागं पडली. पुढच्या भरतीत निघाली. ट्रेनिंगला गेल्यावर तिच्या सगळ्यात जास्त काय लक्षात राहिलं असेल, तर ती गॅसची खोली. पत्र्याची बंद खोली, आत अश्रुधूर सोडलेला. मुली तोंडाला मास्क लावून आत गेल्या की उस्ताद, म्हणजे त्यांचे कवायतीचे शिक्षक, हुकूम द्यायचे, "मास्क काढा. नाव सांगा, गाव सांगा, मग बाहेर."

राजेश्वरीनं मास्क काढला आणि डोळ्यांत कुणी मिरचीची पूड कोंबावी तसं झालं. नाकातोंडातून पाणी, गालाची कातडी भाजल्यासारखी, छाती आतून आवळलेली. श्वास घ्यायला जावं तर तोच धूर आत. कितीतरी मुली नाव अर्धं टाकून दाराकडं धावल्या. तिनं नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, माकणी, तालुका लोहारा, असं सगळं सांगितलं आणि मग बाहेर येऊन गवतावर ओकली. उस्ताद जवळ येऊन म्हणाले, "डोळे चोळू नकोस. वाऱ्याकडं तोंड कर. जाईल आपोआप." थोड्या वेळानं खरंच गेलं. तेव्हापासून अश्रुधुराबद्दल तिचं मत असं झालं, की जीव घाबरा होतो, पण जातं आपोआप.

नेमणूक धाराशिवला मिळाली आणि काही वर्षांनी ती दंगल नियंत्रण पथकात आली. गॅसगन, म्हणजे अश्रुधुराची नळकांडी फेकणारी बंदूक, चालवणाऱ्यांत तोवर बाई नव्हती. गन जड, बार काढताना खांद्याला झटका मोठा. पथकातले हवालदार महांतेश उमरग्याकडचे होते, बोलता बोलता कानडी मिसळायचे, राजेश्वरीला अक्का म्हणायचे. ते म्हणाले, "अक्का, खांदा निखळल तुझा." सरावाच्या पहिल्या दिवशी तिचा खांदा काळानिळा पडला. दुसऱ्या दिवशी ती त्याच खांद्यावर गन घेऊन उभी राहिली. महांतेश हसले आणि तिला शिकवायला लागले. माणसावर कधी नेम धरायचा न्हाय. नळी वर ठेवायची. आधी चिमूटभर माती हवेत सोडून वारा बघायचा. नळकांडं तापतं, हातात घ्यायचं न्हाय. ती शिकली. सणाच्या मिरवणुका झाल्या, निवडणुका झाल्या, बंदोबस्तात गन गाडीत असायची आणि तशीच परत यायची. माणसांच्या गर्दीवर राजेश्वरीनं कधी एकही नळकांडं सोडलं नव्हतं.

मधल्या काळात तिचं लग्न झालं. नवरा अमरसिंह फौजेत, सरहद्दीवर. सासर करंजवाडी, अणदूरच्या पलीकडं, हायवेला अगदी चिकटून. राजेश्वरी धाराशिवला पोलीस क्वार्टरमध्ये राहायची, लहानगी जाई करंजवाडीत आजीजवळ असायची आणि सुट्टी मिळाली की राजेश्वरी एसटी धरून लेकीकडं पळायची. सासू द्वारकाबाई. तिला राजेश्वरी आत्या म्हणायची. बाई तोंडानं फटकळ, पण सुनेचा तिला भारी अभिमान. पाण्याला गेली, दळणाला गेली की सांगायची, "आमच्या राजीकडं तोफ हाय, तोफ!"

हायवे चौपदरी झाला तेव्हा करंजवाडी एका अंगाला राहिली आणि गावाची निम्मी रानं, दूध डेअरी आणि एसटीचा थांबा दुसऱ्या अंगाला गेला. मधे दुभाजक. बाया डोक्यावर भारा घेऊन तो दुभाजक चढायच्या, म्हातारी माणसं एकमेकांचा हात धरून रस्ता ओलांडायची आणि गाड्या तर थांबायचं नावच घ्यायच्या नाहीत. गावानं भुयारी मार्ग मागितला. निवेदनं दिली. एके दिवशी दिवस उगवायला द्वारकाबाईच्या शेजारचे गोरोबाकाका दुधाची किटली घेऊन डेअरीला निघाले आणि ट्रकनं त्यांना उडवलं. त्यांची बायको विमल दारात उभी होती. तिनं डोळ्यांनी बघितलं.

सावडणं उरकलं त्याच दिवशी गाव रस्त्यावर बसलं.

पथकाची गाडी धाराशिवहून निघाली तेव्हा 'रास्ता रोको आहे' एवढंच सांगितलेलं होतं. तुळजापूर मागं पडलं, नळदुर्ग मागं पडलं, तशी राजेश्वरी गप्प गप्प झाली. गोरोबाकाकांचं तिला फोनवर कळलं होतं. अणदूर आल्यावर महांतेशच्या ध्यानात आलं.

"अक्का, तुझं सासर ना गं हे? साहेबांना सांग. गाडीत बसून राहा तू."

"कशाला?" ती म्हणाली.

"कशाला म्हंजी? आपलीच माणसं हायती."

"सगळीकडं कुणाची ना कुणाची माणसं असत्यातच की हवालदार." ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. खरं कारण तिनं सांगितलं नाही. ही गन हातात यावी म्हणून ती किती झगडली होती! आता घरचं गाव म्हणून मागं बसली, तर उद्या सगळे म्हणतील, बाईमाणूस, ऐन वेळेला गाडीत बसली. ते तिला सोसलं नसतं.

करंजवाडीच्या फाट्यावर अख्खं गाव डांबरावर बसलेलं. बाया पुढं. उन्हाचा कहर, डोक्यावर पदर, कुणाच्या मांडीवर लेकरू. दोन्हीकडं ट्रकांची रांग दिसेनाशी झालेली. मधेच एक ॲम्ब्युलन्स आली, तर पोरांनी आपणहून वाट करून दिली. सरपंच धोंडप्पा हात जोडून साहेबांना सांगत होते, "काम कधी चालू करता ते लेखी द्या साहेब, आत्ता उठतो." साहेब म्हणत होते, "माझ्या हातात नाही ते. वर कळवतो." धोंडप्पा पुन्हा तेच, साहेब पुन्हा तेच. असं दुपार कलेपर्यंत चाललं. हायवेचा अधिकारी काही आला नाही. मागच्या पोरांचा आवाज चढत गेला.

मग मागून कुठून तरी दगड आला आणि एका कोवळ्या शिपायाच्या कपाळावर बसला. रक्त डोळ्यात उतरलं. पाठोपाठ आणखी दगड आले, गाडीची काच फुटली. साहेबांनी भोंग्यावरून बजावलं, मागं व्हा, पांगा, नाहीतर अश्रुधूर सोडावा लागेल. पुढच्या बाया उठायला लागल्या होत्या, पण मागच्यांना पुढचं दिसत नव्हतं आणि पुढच्यांना मागं सरकायला जागा नव्हती. दुसऱ्यांदा बजावलं. मग हुकूम झाला.

राजेश्वरीनं मास्क चढवला. चिमूटभर माती सोडली. ती माळाकडं उडाली, गावाच्या उलट्या बाजूला. महांतेशनी पहिला बार काढला. नळकांडं माळावर बरोबर पडलं, पांढरा धूर उठला आणि पोरं पळाली. दुसरा बार राजेश्वरीचा. तिनं नळी वर धरली होती. पण तेवढ्यात पळती माणसं तिच्या अंगावर आली, कोपर हललं आणि नळकांडं खाली गेलं. दुभाजकाच्या कडेला आपटून ते उसळलं, गरगरत घरांच्या दिशेनं गेलं. ते कुठं जातंय ते तिनं शेवटपर्यंत पाहिलं. विमलकाकूच्या अंगणात, कडब्याच्या गंजीखाली.

आणि वारा फिरला. चैत्रातलं ऊन, वावटळीचे दिवस. माळावरचा धूर उठून गावात शिरला.

विमलकाकू रस्त्यावर नव्हतीच. सुतकातली बाई, ती घरात भिंतीला टेकून बसलेली. गंजी भडकली तसा बांधलेल्या म्हशीनं हंबरडा फोडला. लोक विझवायला धावले आणि अश्रुधुरात येऊन डोळे धरून खाली बसले. कुणालाच पुढं जाता येईना. राजेश्वरीनं हातातली गन महांतेशकडं दिली आणि पळत सुटली. मास्क तिच्याच तोंडावर होता. तिनं आधी म्हशीचं दावं सोडलं, मग घरात शिरली. विमलकाकू उंबऱ्याजवळ पालथी पडून खोकत होती, श्वास वर वर चाललेला. राजेश्वरीनं तिला काखेत हात घालून उचललं, मागच्या दारानं बोळात आणि बोळातून चावडीमागं मोकळ्या हवेला आणलं.

तिथं द्वारकाबाई होती. जाईचं तोंड पदरात दाबून धरलेलं, स्वतःचे डोळे सुजून बंद. पोलीस आला एवढंच तिला कळलं. तिनं चाचपडत राजेश्वरीचं मनगट धरलं आणि ओरडली, "अरे कुणाची लेकरं रं तुमी? काय केलंय ह्या बाईनं तुमचं? परवा तिचं कुकू पुसलं, आज तिला मारायला आलाव?"

राजेश्वरीनं मास्क काढला. "आत्या, मी हाय."

द्वारकाबाईनं डोळे किलकिले करून पाहिलं. "तू व्हय?" एवढंच म्हणाली आणि तिनं धरलेलं मनगट सोडून दिलं. जाई आईला बघून रडत तिच्याकडं झेपावली, तर राजेश्वरीच मागं सरली. वर्दीला धूर लागलेला होता, पोरीला झोंबला असता. जाईला ते कसं कळावं? आई घेत न्हाय म्हणून तिनं आकांत मांडला.

गंजी विझवली ती गावानं आणि पोलिसांनी मिळून, गावाच्याच बादल्यांनी. विझेपर्यंत तिची राख झाली होती. विमलकाकूला त्याच पोलीस गाडीतून दवाखान्यात नेलं. रस्ता मोकळा झाला, ट्रक सुटले. नंतर साहेबांनी पथकाला विचारलं, गावात गेलेलं नळकांडं कुणाचं. राजेश्वरी म्हणाली, "माझं." साहेब म्हणाले, "धक्का लागला, मी पाहिलंय. मनाला लावून घेऊ नका." चौकशीतही तसंच ठरलं. पण साहेबांनी नको म्हटलं म्हणून मनाला लागायचं थोडंच थांबतं?

अमरसिंहला तिनं फोनवर सगळं सांगितलं. तो रागावेल असं तिला वाटलं होतं. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "तू आत गेलीस ना काकूला आणायला? मग झालं." मग म्हणाला, "आमच्याकडं लढाईत हे वापरायला बंदी हाय, ठाव हाय का?"

"अश्रुधूर? बंदी?"

"व्हय. दुश्मनावर सोडायचा न्हाय. जगातल्या बहुतेक देशांनी मिळून ठरवलंय. एकानं नुसता डोळ्याला झोंबणारा धूर सोडला, तरी समोरच्याला वाटतं विषारीच सोडला. मग तो खरं विष सोडतो. पहिल्या महायुद्धात असंच वाढत गेलं म्हणं. आमाला क्लासमधी सांगितलं."

"अन् गर्दीवर?"

"गर्दी पांगवायला चालतं. गोळीपरीस बरं, म्हणून."

पुढच्या सुट्टीला ती करंजवाडीला गेली. एसटीतून उतरली तशा थांब्यावरच्या दोघी-तिघी बोलता बोलता गप्प झाल्या. रस्ता ओलांडून ती घरी आली. द्वारकाबाईनं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला, चहा ठेवला, जाईला तिच्याजवळ बसवलं. बोलली मात्र नाही. दुपारभर दोघी एकाच घरात ज्वारी निवडत बसल्या. शेवटी राजेश्वरीला राहवेना.

"आत्या, शिव्या द्या. पर बोला."

"काय बोलू? डोळ्याची आग गेली. तूच म्हणत होतीस न्हवं, जातं आपोआप म्हणून?" द्वारकाबाईनं सूप खाली ठेवलं. "विमलची न्हाय गेली. रातध्याड खोकती. तिची छाती आधीच चुलीच्या धुरानं गेलेली. तुमच्या त्या खोलीत कोण उभं राहत असंल? तुमी सगळ्या पळणाऱ्या पोरी."

गॅसच्या खोलीत विमलकाकूसारखं कुणी नव्हतं, हे खरंच होतं. मग बोलायचं म्हणून बोलली की काय, पण अमरसिंहनं सांगितलेलं तिनं सांगून टाकलं. द्वारकाबाई ऐकत राहिली.

"म्हंजी दुश्मनावर सोडायला बंदी?"

"व्हय."

"मग आमी कोण?"

"तसं न्हाय आत्या. त्या शिपायाचं डोकं फुटलं होतं. हातात गॅस नसता तर साहेबांपुढं लाठी होती, न्हायतर बंदूक."

"अन् हातात काहीच नसतं तर?"

राजेश्वरीनं ज्वारीतला खडा वेचून बाजूला टाकला.

"तर बोलत बसावं लागलं असतं," द्वारकाबाई म्हणाली आणि पुन्हा सूप हातात घेतलं. पण त्या दिवशी सुनेला जेवायला वाढताना तिनं भाकरीवर लोणी घातलं आणि एसटीपर्यंत सोडायलाही आली.

राजेश्वरीनं माकणीला फोन केला. भाऊंनी लेकीचं ऐकून घेतलं, एकही प्रश्न विचारला नाही आणि त्याच आठवड्यात ट्रॉलीभर कडबा घेऊन ते करंजवाडीच्या फाट्यावर हजर झाले. विमलकाकूच्या दारात ट्रॅक्टर थांबला. ती बाहेर आली, खांबाला धरून उभी राहिली.

भाऊंनी टोपी काढली. "ताई, ह्यानं काय भरून निघत न्हाय, ते मला कळतंय. पर म्हस उपाशी नको."

विमलकाकूनं बराच वेळ कडब्याकडं पाहिलं. "उतरवा," ती म्हणाली. "जनावरानं काय केलंय कुणाचं." राजेश्वरीही त्या दिवशी धाराशिवहून आली होती, भाऊंबरोबर पेंढ्या उतरवत होती. तिच्याकडं काकूनं बघितलंही नाही.

पण खोकला जाईना, तेव्हा धाराशिवच्या डॉक्टरांना दाखवायचं ठरलं. द्वारकाबाई राजेश्वरीला म्हणाली, "तूच ने." काकू गेली ती राजेश्वरीबरोबरच. दुसरं नेणारं कोण होतं तिला? डॉक्टरांनी तपासून सांगितलं, दम्याचं दुखणं जुनंच, त्या धुरानं उफाळलंय. ओढायचा पंप दिला, तो कसा ओढायचा ते राजेश्वरीनं स्वतः करून दाखवलं. त्यानंतर दर महिन्याला तपासणीच्या दिवशी काकू एसटीनं धाराशिवला येऊ लागली आणि राजेश्वरी ड्युटी बदलून स्टँडवर तिला घ्यायला उभी राहू लागली. दोघींत कामापुरतं बोलणं व्हायचं. पंप आणला का, जेवलाव का, उन्हातून चालू नका.

पावसाळा सरला तरी भुयारी मार्गाचं काम काही सुरू झालं नाही. दिवाळीनंतर गाव पुन्हा रस्त्यावर बसलं आणि पुन्हा पथक निघालं. साहेब आता दुसरे होते. या वेळी गाडीत बसायच्या आधीच राजेश्वरी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, करंजवाडी माझं सासर आहे. मागच्या वेळेला मी सांगितलं नव्हतं."

"मग? ड्युटी बदलून पाहिजे?"

"नको साहेब. आधी मला बोलायला जाऊ द्या. गन नको, मास्क नको."

साहेबांनी महांतेशकडं पाहिलं. महांतेश म्हणाले, "जाऊ द्या साहेब. मी जातो संगं."

ती दोघं चालत गर्दीत गेली. एक पोरगा ओरडला, "आली धूरवाली!" काहीजण हसले, काहीजण नाही. राजेश्वरीचे कान तापले, पण ती थांबली नाही. आधी म्हातारी माणसं आणि लेकरांच्या आया उठवून तिनं देवळाच्या पारावर नेऊन बसवल्या, म्हणजे काही झालंच तर ती मधे सापडू नयेत. मग धोंडप्पांना म्हणाली, "मामा, एका बाजूचा रस्ता मोकळा ठेवा. गाड्या हळूहळू निघत राहतील. ट्रकवाले पेटले न्हायत तर साहेबांवर घाई येणार न्हाय. अन् पोरांना मागं ठेवू नका, पुढं घेऊन बसा. म्हंजी त्यांना ऐकू येतंय काय चाललंय ते."

धोंडप्पांनी पोरांना पुढं बोलावलं. त्यांच्यात बरीच बाचाबाची झाली, पण बसली. साहेबांनीही मनावर घेतलं, फोनवर फोन केले आणि हायवेचा अधिकारी शेवटी आला. लोकांनी त्याला खुर्ची दिली नाही. तोही डांबरावर बसला. दिवस मावळेपर्यंत बोलणं चाललं, दोनदा फिसकटलं, पुन्हा जुळलं. एकदा मागून कुणीतरी माती भिरकावली, तर द्वारकाबाईच उठून त्याच्या अंगावर धावली. शेवटी अधिकाऱ्यानं काम सुरू करायची तारीख लेखी दिली, गाडीतल्या नळकांड्यांच्या पेट्या उघडाव्या लागल्या नाहीत. त्या दिवसाचं श्रेय राजेश्वरीनं कधी घेतलं नाही. महांतेशना ती म्हणाली, "अधिकारी आला म्हणून मिटलं. तो मागच्या वेळेला आला असता तर तेव्हाच मिटलं असतं." महांतेश म्हणाले, "व्हय अक्का. पर तो येस्तोवर लोक बसून राहिले न्हवं?"

काम सुरू झालं. हळूहळू चाललं, मधे दोन महिने बंद पडलं, पण झालं. राजेश्वरी अजून त्याच पथकात आहे आणि गॅसगनही तिच्याकडंच आहे. आपण ती सोडून द्यावी का, असा विचार तिच्या मनात बरेच दिवस होता. तिनं भाऊंना विचारलं. भाऊ म्हणाले, "तू सोडलीस तर दुसऱ्या कुणाच्या तरी हातात जाईलच की. त्याचं कुठं सासर असणार हाय तिथं?" हे तिला पटलं का, ते तिचं तिलाही नीट सांगता येत नाही. नव्या पोरींना शिकवताना मात्र ती आधी गन दाखवत नाही. आधी विचारते, ह्या रस्त्याच्या कडेला कुणाची घरं हायत, आत कोण आजारी हाय, कोण बाळंतीण हाय, माहीत करून घेतलंय का? पोरींना ते कंटाळवाणं वाटतं. त्या गनकडं बघत असतात.

मागच्या तपासणीला विमलकाकू पहिल्यांदा राजेश्वरीच्या क्वार्टरवर जेवायला थांबली. आतापर्यंत नको, नको म्हणून ती दवाखान्यातून सरळ स्टँडवर जायची. जाई आता धाराशिवच्या शाळेत जाते. ती काकूशेजारी बसून शाळेतलं काहीबाही सांगत होती. काकू दोन घास खाऊन थांबली, पाणी प्याली.

"राजे, खोटं कशाला बोलू," ती म्हणाली. "अजून राग हाय माझा. सकाळी दम लागला की तुझंच तोंड पुढं येतं."

राजेश्वरीचा हात भाकरीवर थांबला. "हं," ती म्हणाली.

"पर एसटीतून उतरल्यावर तू दिसली न्हाईस तर जीव घाबरतो. आज दोन मिनिटं उशीर केलास तर माझं चित्त थाऱ्यावर न्हवतं." काकूनं ताट पुढं सरकवलं. "आमटी वाढ अजून जरा. मीठ बरोबर पडलंय."

राजेश्वरीनं आमटी वाढली. जेवण झाल्यावर तिनं काकूला नळदुर्गकडं जाणाऱ्या गाडीत खिडकीची जागा धरून दिली, पंप पिशवीत वरच ठेवलाय ते दोनदा सांगितलं आणि गाडी स्टँडाबाहेर वळेपर्यंत ती तिथंच उभी राहिली.